भाऊसाठी हळू चालणारं इंजिन

माझ्या दोन्ही पोरींच्या लग्नाचे शालू मी एका दुपारी घेतले होते. दुकानदारानं दहा उलगडले, मी दोन उचलले, झालं काम. आणि अर्ध्या वितीचं एक रेल्वे इंजिन निवडायला मला दीड महिना लागला! फॉल-पिकोला आलेल्या बायका दुकानात ताटकळत उभ्या आणि मी मोबाइलवर वाफेच्या इंजिनांचे व्हिडिओ बघत बसलेली. एकीनं विचारलं, "ताई, नातवाला घ्यायचंय का?" म्हटलं, "छे, भावाला. सदुसष्ट वर्षांचा आहे." तिनं साडी उचलली आणि निघाली.

धुळ्यात माझं शिवणाचं दुकान आहे. तीन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि माझं तोंड, एवढ्या भांडवलावर तीस वर्षं चाललंय. भाऊ अमळनेरला असतो. तेलाच्या कारखान्यात फिटर होता, आणि फिटर म्हणजे असा, की मशीन बंद पडलं की साहेबलोक आधी भाऊला शोधायचे. त्याला स्वतःच्या हाताचा भारी माज. स्क्रू नुसता बोटांनी आवळून सांगायचा, अजून अर्धा आटा बाकी आहे म्हणून. त्या माणसाला दिवाळीनंतर लकवा झाला आणि नेमका उजवा हात गेला. पाय परत आला, बोलणं आलं, चिडणं तर पहिल्यापेक्षा दुप्पट आलं. हात मात्र मांडीवर पडलेला. खांद्यापासून थोडासा उचलायचा, पण बोटं मिटलेली ती मिटलेलीच.

व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, "ताई, हातात अजून जीव आहे. पण ते हात वापरतच नाहीत. सगळं डाव्यानं उरकतात. हे पहिले काही महिनेच कामाचे असतात. आत्ता नाही वापरला, तर हात तसाच राहील." मी विचारलं, करायचं काय? तर म्हणाल्या, "चिमटीत धरून फिरवायचं काहीतरी द्या. पण त्यांना आवडेल असं." त्यांनी स्वतः दिलेली लाकडी नटांची पाटी भाऊनं डाव्या हातानं पलंगाखाली भिरकावली होती. वहिनीनं ती केरसुणीनं ओढून काढली, तर हा गरजला, "चाळीस वरीस लोखंडनं काम करं मी. आते हाई लाकूडनं खेळनं खेळू?"

मला त्याचा राग आला. एसटीत बसले तरी डोक्यात तेच. चिमटीत धरून फिरवायचं. रेडिओ? तो लावत नाही. कुलूप-किल्ली? दोन दिवसांत कंटाळेल. गावाबाहेर फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, संपता संपेना, आणि बसमधली सगळी माणसं वैतागलेली. मला मात्र एकदम आमचं लहानपण आठवलं.

आमचे वडील धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचे. आम्ही दोघं त्यांचा डबा घेऊन जायचो. मागच्या बाजूला रुळाचा एक फाटा आत आलेला होता आणि रुईच्या गाठींनी भरलेले डबे न्यायला एक छोटं काळं इंजिन यायचं. लांब पल्ल्याच्या गाडीचं नव्हे. डबे इकडून तिकडे ढकलणारं, बुटकं, पोटाच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं. भाऊ त्याच्यासाठी वेडा होता. डबा उशिरा पोचतो म्हणून वडिलांची बोलणी आम्ही दोघांनी खाल्ली आहेत, आणि दोष शंभर टक्के त्याचा होता. ड्रायव्हरनं त्याला एकदा वर घेतलं, दांडा धरू दिला. मला घेतलं नाही. मुलगी म्हणून! तो राग अजून गेलेला नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी मोबाइलवर शोधायला लागले. आणि काय सांगू! जगात अशी माणसं आहेत की जी एका खोलीत अख्खी रेल्वे मांडतात. स्टेशन, डोंगर, पूल, हातात झेंडी घेतलेला तांदळाएवढा गार्ड. आणि हे सगळं चालतं कशावर, तर एका डबीवरच्या गोल खुंटीवर. ती चिमटीत धरायची आणि फिरवायची. जितकी फिरवाल तितकी गाडी पळते. मी "अगं बाई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की आमचे हे स्वयंपाकघरातून धावत आले. त्यांना वाटलं, बोटातून सुई गेली.

झालं, तिथून वेड लागलं. या छंदवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथले सगळे मला तीन आठवडे 'सर' म्हणत होते. मीही दुरुस्त केलं नाही, म्हटलं म्हणू देत. टेबल तर माझ्याकडे होतंच. जुनं कटिंगचं, तीन फूट बाय पाच. त्यावर रूळ अंडाकृती बसवायचे, रूळ बदलायचा एक सांधा टाकून जिनिंगसारखा एक फाटा बाहेर काढायचा. रूळ नवे घेतले, खुंटीची डबीही घेतली. राहिलं इंजिन, आणि इथेच माझं डोकं फिरायची वेळ आली.

पहिल्यांदा मनात भरलं ते एक लांबलचक, मागे कोळशाचा डबा जोडलेलं, पितळी पट्ट्यांचं. इतकं देखणं की त्याला काजळाची तीट लावावीशी वाटावी. किंमत ऐकली आणि फोन उलटा ठेवला. शिवाय ग्रुपवर एकानं सांगितलं, "सर, तीन फुटी टेबलावर हे वळणारच नाही. पहिल्याच वळणावर आडवं होईल." खरंच की. घेरदार घागरा अरुंद जिन्यात अडकतो, तसलाच प्रकार. मग एक चार चाकांचं चिमुकलं घेतलं, अगदी स्वस्त, दोन डब्यांसकट घरपोच. ते आलं त्या दिवशी मी दुकान अर्धा तास आधी बंद केलं. रुळावर ठेवलं, खुंटी फिरवली. काही नाही. आणखी फिरवली. काही नाही. आणखी जराशी, तर मेलं असं सुसाट सुटलं की वळणावरून उडून कापडाच्या ढिगात! हळू चालणं त्याला ठाऊकच नव्हतं. वरून सांध्यावर आलं की जागच्या जागी मरायचं, कारण चारच चाकं, त्यांना रुळातली वीज तिथं मिळेना.

आता मला नीट कळलं की मला काय हवंय. देखणं नको, वेगवान नको. भाऊनं खुंटी सुईच्या टोकाएवढी फिरवली तरी ज्याला कळेल, असं इंजिन हवं. त्याची बोटं जराशी हलली आणि पुढं काहीच घडलं नाही, तर तो दुसऱ्यांदा हात लावणार नाही. मी माझ्या भावाला ओळखते. सहा चाकं हवीत, बुटकं हवं, मुंगीच्या चालीनं चालणारं हवं आणि माझ्या आवाक्यातलं हवं. नवी होती तशी, पण त्या किमतीत मी एक चांगली मशीन घेतली असती.

ग्रुपमधूनच कळलं की जळगावला एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त, त्यांच्याकडे जुनी इंजिनं विकाऊ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही म्हणू लागले. फोनवर माझा आवाज ऐकून ते गोंधळले. मग म्हणाले, "सर म्हणजे तुम्ही?" म्हटलं, "हो, मीच सर. शुक्रवारी येऊ का?"

नानांच्या माडीवर पाय ठेवला आणि मी अठ्ठावन्न वर्षांची आहे हे विसरले. खोलीभर रूळ! एकाच वेळी तीन गाड्या चालल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या, अक्षरशः. नाना खूश झाले, पण माणूस मोठा काटेकोर. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग एकेक इंजिन काढून माझी परीक्षाच घ्यायला लागले. "इंजिन पळताना बघायचं नाही. सुटताना बघायचं. एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर जायला किती वेळ घेतं ते मोजा." मी रुळांखालच्या त्या आडव्या पट्ट्यांवर डोळे लावून मोजत बसले. एक धक्का देऊन सुटायचं. दुसरं छान सुटायचं पण थांबताना नाक आपटायचं. तिसरं चांगलं होतं आणि महाग होतं.

मग फळीच्या कोपऱ्यात मला ते दिसलं. काळं, बुटकं, सहा चाकांचं, पोटाला टाक्या. मी खुर्चीवरून उठलेच. तेच हो! जिनिंगमधलं!

"ते नको," नाना म्हणाले. "कुरकुर करतं. म्हणून तर निम्म्या किमतीत काढलंय."

"चालवा तर खरं."

चालवलं. चालायचं, अडायचं, चालायचं, अडायचं. आणि तो आवाज! तीस वर्षं मी दिवसातून दहा वेळा तो आवाज ऐकत आलेय. "नाना, मोटर उत्तम आहे," मी म्हटलं. "याच्या चाकाच्या दांड्यात धागा गुंतलाय." नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून टाचणी आणि छोटी कातरी काढली. ती माझ्याकडे नेहमी असते. इंजिन उलटं केलं, तर मधल्या चाकामागे सतरंजीचा लाल धागा असा गच्च गुंडाळलेला, की रिळावर भरावा. टाचणीनं उचलला, कातरीनं तोडला, चार तुकड्यांत बाहेर काढला. पुन्हा रुळावर ठेवलं. नानांनी खुंटी किंचित फिरवली आणि ते निघालं. धक्का नाही, आवाज नाही. एक स्लीपर. मग दुसरा. इतकं सावकाश की मला श्वास रोखून बघावं लागलं.

"आता मी याची किंमत वाढवायला हवी," नाना म्हणाले.

"वाढवून तर बघा," मी म्हटलं.

हसले आणि ठरलेल्या पैशांतच दिलं. डबा बांधताना म्हणाले, "तेल टाचणीच्या टोकावर मावेल तेवढंच घाला. वर्षातून एकदा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय कंजूष माणूस आहे!

आणि इथे मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी शनिवार. आमच्या धंद्यात शनिवारी मशिनीला तेल घालतात, घालतातच. मारुतीला तेल आणि मशिनीला तेल, एकाच सकाळी. तिन्ही मशिनींना घातलं आणि समोर ते काळं लेकरू बसलेलं. त्याला उपाशी ठेवू? मशिनीच्या कुपीनं प्रत्येक चाकाला एकेक थेंब घातला, वरून मोटरला दोन. मस्त चकाकलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रविवारी टेम्पोत टेबल टाकून अमळनेरला पोचले. भाऊ पलंगावर बसून बघत होता. "हाई काय शे वं?" मी टेबल मांडलं, रूळ जोडले, खुंटीची डबी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताशी ठेवली आणि मग डबा उघडून इंजिन रुळावर ठेवलं.

भाऊ सरकत सरकत टेबलाशी आला. वाकला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "आपलं जिनिंगनं," तो म्हणाला. फक्त एवढंच. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

त्यानं डावा हात उजव्याच्या मनगटाखाली घातला, तो उचलून खुंटीवर ठेवला. स्वतःहून! कुणी सांगितलं नव्हतं. बोटं खुंटीवर टेकली. त्यानं जोर लावला, कपाळावर घाम आला, आणि खुंटी खरंच फिरली. थोडीशी, पण फिरली.

इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरली. इंजिन हललं नाही. मग चाकंही थांबली.

त्यानं पुन्हा जोर लावला. काही नाही. हात खुंटीवरून घसरून टेबलावर पडला. तो तसाच डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. नही जमाव माले." भिंतीकडे तोंड करून झोपला. मी सांगत होते, भाऊ, चूक तुझ्या हाताची नाही, इंजिनाची आहे. पण तो ऐकायला तयार असेल तर ना! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

गच्चीवर जाऊन नानांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तेल किती घातलं?"

मी थेंब मोजून सांगितले.

"बाई, ते इंजिन आहे, भजी नाहीत!" नाना कडाडले. चाकांवरून तेल रुळांवर उतरलं होतं. मग चाकं घसरणार नाहीत तर काय, आणि वीज तरी कशी मिळणार? त्यांनी मग शांतपणे सांगितलं काय करायचं ते. इंजेक्शनचं स्पिरिट घरात होतं. वहिनीनं देवाच्या वातींचा कापूस दिला आणि आम्ही दोघी टेबलावर ओणव्या होऊन अख्खा अंडाकृती रूळ पुसत बसलो. बोळ्यावर बोळे काळे निघत होते. इंजिन उलटं धरून सहाही चाकं पुसली. वहिनी हसायला लागली, "ताई, याला न्हाऊ घातलं, आता बारसंही करू का?" मी म्हटलं, "वहिनी, आत्ता मला हसवू नका, मी रडायच्या बेतात आहे."

दुपारी भरीत-भाकरी झाली. भाऊ जेवला, डाव्या हातानं. जेवण झाल्यावर मी त्याच्याकडे न बघता खुंटी फिरवली. ते काळं लेकरू निघालं. स्लीपरमागून स्लीपर. वळणावर आलं, वळलं, सांध्यावरून अलगद पार झालं. मी ओठ चावून उभी. पलंग कुरकुरला. भाऊ उठून बसला होता.

"सरक," तो म्हणाला.

खुर्ची ओढून बसला. पण हात पुढं आला तो डावा. छातीवरून आडवा घेऊन, वाकडा होऊन, त्यानं डाव्या हातानं खुंटी धरली आणि गाडी फिरवायला लागला. खूश होता, डोळे चमकत होते. माझा मात्र जीव खालीवर. दीड महिना, ते धावणं, ते जळगाव, सगळं शेवटी डाव्या हाताच्या कामी आलं. बोलायला गेले तर वहिनीनं डोळ्यांनी गप्प केलं. बरोबर केलं. सकाळी एकदा हात घसरला होता, तो विषय मला काढवेना.

मग त्याला हुक्की आली की फाट्यावर डबे लावायचे. त्यानं गाडी थांबवली. मी सांधा बदलला, फाट्याच्या तोंडाशी दोन डबे ठेवले, त्यानं इंजिन अगदी अलगद नेऊन त्यांना टेकवलं. आम्ही तिघंही ओरडलो! फाट्याचं पुढचं टोक टेबलाच्या कडेला संपत होतं. तिथं अडसर बसवायचा राहिला होता, तो पिशवीतून काढायला मी पाठ फिरवली. तेवढ्यात वहिनीनं चहा आणला आणि भाऊच्या डाव्या हातात बशीसकट दिला, काठोकाठ भरलेला.

गाडी चालूच होती. खुंटी त्यानं पूर्ण बंद केलीच नव्हती. दोन्ही डबे पुढं ढकलत इंजिन मुंगीच्या पावलांनी टेबलाच्या कडेकडे निघालं होतं. मी वळले तेव्हा पहिल्या डब्याची पुढची चाकं रुळाबाहेर आली होती. मी टेबलाच्या पलीकडे, हात पोचणार नाही. वहिनी तर बघतच राहिली.

गाडी थांबली.

डबा अर्धा हवेत, पण पडला नाही. मी भाऊकडे बघितलं आणि किंचाळले.

"काय व्हयनं?" तो दचकला, बशीत चहा सांडला. "मी थांबाडी ना गाडी!"

"कोणत्या हातानं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "भाऊ, कोणत्या हातानं थांबवलीस?"

त्यानं खाली बघितलं. उजवा हात खुंटीवर होता. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, चिमटी घट्ट. वहिनी मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली. मीही रडत होते, आणि हसत होते, आणि मला नाकडोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. भाऊ मात्र बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिला, एखाद्या मशीनचा बिघाड शोधताना बघायचा तसा.

मग त्यानं चहा माझ्याकडे दिला. डावा हात मांडीखाली घातला आणि वरून दाबून बसला.

"डबा रुळवर ठेव," तो म्हणाला. "आजून एकदाव."